नोंदीत पोहोचलेलं पार्सल

यांच्या उजव्या कानाचं श्रवणयंत्र दुरुस्त होऊन दादरहून निघालं. कुरिअर कंपनीच्या नोंदीप्रमाणे ते कोथरूडला आमच्या घरी पोहोचलं. आमच्या हातात मात्र ते पडलं नाही, अगदी आजपर्यंत नाही. या प्रकरणात माझा जवळजवळ सगळा पावसाळा गेला. त्याआधी पार्सलं, पावत्या, तक्रारी यांतलं मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

आमच्या घरात बाहेरचे व्यवहार यांनीच पाहिले. बँक, विमा, वीजबिल, सोसायटीच्या सभा, सगळं. मी घरात शिवणाचे क्लास घेतले, दोन मुलं वाढवली. कुणाला फोन करून ‘माझं काम का झालं नाही’ असं खडसावून विचारायची वेळ माझ्यावर आली नाही. पुढे यांचं ऐकणं कमी होत गेलं. वयाबरोबर वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, म्हणजे स, श, फ अशी अक्षरं पुसट होतात, आणि माणूस बोलतोय हे कळतं पण काय बोलतोय ते कळत नाही. फोनवर तर ओठही दिसत नाहीत. त्यामुळे फोनची सगळी कामं माझ्याकडे आली. मुलगा सिंगापूरला, मुलगी बंगळूरला. इथे आम्ही दोघंच.

श्रवणयंत्र दुकानातून उचलून कानात घातलं, असं होत नाही. आधी तपासणी करून कुठल्या पट्टीतला आवाज किती ऐकू येतो याचा आलेख काढतात, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. त्या आलेखाप्रमाणे यंत्र जुळवतात, आणि कानात बसणारा साचा त्याच कानाच्या मापाचा करतात. यांना दोन्ही कानांना यंत्रं आहेत. आवाज कुठल्या बाजूने आला हे कळायला दोन्ही कान लागतात, हे मला उजवं यंत्र बिघडल्यावर उमगलं. एका यंत्रावर यांना हॉर्न ऐकू यायचा, पण गाडी कुठून येतेय ते कळायचं नाही. कर्वे रोड ओलांडताना हे नको तिकडे मान वळवायचे, म्हणून मी यांना एकट्याने बाहेर सोडणं बंद केलं. रोज सकाळी फिरायला जाणारा माणूस घरात बसला. पार्सलची वाट आम्ही का बघत होतो, ते एवढ्यावरून लक्षात येईल.

निरोप संध्याकाळी आला, यांच्या मोबाइलवर: आपलं पार्सल डिलिव्हर झालं आहे, धन्यवाद. दोघंही दिवसभर घरात होतो. मी आधी दार उघडून बाहेर पाहिलं, मग चपलांच्या कपाटात, मग जिन्यात. खाली जाऊन वॉचमनदादांना विचारलं. त्यांनी केबिनमधली पार्सलं एकेक काढून दाखवली. आमचं नव्हतं. बी विंगमध्ये आमच्याच नंबरच्या फ्लॅटमध्ये विचारलं. समोरचा इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचं मेडिकल, किराणा दुकान इथेही विचारून आले, कारण आमच्या भागातली कुरिअरची मुलं घर बंद दिसलं की पार्सल अशा ठिकाणी ठेवतात हे शेजारच्या काकूंनी सांगितलं. पाऊस लागलेला. भिजून घरी आले तेव्हा हे दारातच उभे होते. मी मानेनेच नाही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीला फोन लावला. भाषा निवडा, हे दाबा, ते दाबा असं करत शेवटी माणसाचा आवाज आला. मुलगी अदबीने बोलत होती. तिला नंबर सांगितला, थोडा वेळ संगीत वाजलं, आणि ती म्हणाली, “मॅम, आमच्या सिस्टीममध्ये डिलिव्हर्ड दिसतंय.”

मी म्हटलं, “अहो, पण मिळालं नाही ना.”

“मॅम, स्टेटस डिलिव्हर्ड आहे. मी तक्रार रेज करते, चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत आपल्याला कळवण्यात येईल.”

चोवीस गेले, अठ्ठेचाळीस गेले, आणि मेसेज आला की तक्रारीचं निराकरण झालं असून तक्रार बंद केली आहे. निराकरण काय झालं? तर पार्सल डिलिव्हर्ड आहे. पुन्हा फोन, पुन्हा नवी तक्रार, पुन्हा तेच. प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि प्रत्येकाला मी कानाच्या यंत्रापासून सुरुवात करून सांगायची. ते लोक उद्धट नव्हते. त्यांच्या समोरच्या पडद्यावर एक ओळ होती आणि ती ओळ माझ्यापेक्षा खरी होती, इतकंच. मला सर्वांत जास्त गोंधळवलं ते यानेच. मी खोटं बोलतेय असं कुणी म्हटलं नाही, पण माझं खरं मानायला त्यांच्याकडे जागाच नव्हती. पार्सल पोहोचल्याची नोंद पोहोचवणाराच करतो. ज्याला मिळायचं त्याला त्या नोंदीत कुठेही काही लिहिता येत नाही.

दादरच्या दुकानाला फोन केला तर ते म्हणाले, आमच्याकडे डिलिव्हर्डचा निरोप आला आहे, तुम्ही कुरिअरशी बोला. कुरिअरवाले पुढच्या फोनवर म्हणाले, “मॅम, आमचा करार पाठवणाऱ्याशी आहे. तक्रार पाठवणाऱ्याने करायला हवी.” पाठवणारा म्हणतो घेणाऱ्याने करा, नेणारा म्हणतो पाठवणाऱ्याने करा. दोघांच्या मधोमध मी, आणि माझा तर कुणाशीच करार नाही. मग मी कोण? हा प्रश्न त्या दिवसांत मला खरोखर पडला होता, आणि त्याचं उत्तर कायद्यात आहे हे कळायला बराच वेळ लागला.

मधल्या काळात कुणी सुचवलं की तुमच्या सोसायटीच्या नावाची दुसरी सोसायटी कर्वेनगरला आहे, तिथे बघा. गेले. तशीच आणखी एक वारज्याला निघाली, तिथेही गेले. पुण्यात एकाच देवाच्या, एकाच फुलाच्या नावाच्या इतक्या इमारती आहेत की पत्त्यातलं नाव एकटं फारसं उपयोगाचं नाही. या निमित्ताने पिनकोड मी पहिल्यांदा नीट पाहिला. कोथरूड ४११०३८, कर्वेनगर ४११०५२, वारजे ४११०५८. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा विभाग. पहिले तीन मिळून टपाल निवडण्याचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणारं टपाल कार्यालय. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही पद्धत सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी, संस्कृतात कविता आणि नाटकं लिहिणारे. एकसारखी नावं आणि वेगवेगळ्या भाषांतले पत्ते यांतून पत्र नेमकं जावं म्हणून त्यांनी आकड्यांची ही व्यवस्था बसवली. खाजगी कुरिअरही आज त्याच आकड्यांवर चालतात. आमच्या पार्सलावर ४११०३८ स्पष्ट लिहिलेलं होतं, दुकानाने पाठवलेल्या फोटोत मी ते वाचलं. वारज्याच्या सोसायटीतल्या ताईंनी मला बसवून चहा दिला, त्यांचं रजिस्टर दाखवलं. तिथेही काही नव्हतं.

एक दुपार अशी गेली की तिची आठवण आली तरी हात गार पडतात. अनोळखी नंबरवरून फोन आला. माणूस मराठीत बोलत होता, माझ्या तक्रारीबद्दल त्याला माहीत होतं. “काकू, तुमचं पार्सल हबला पडून आहे, पत्ता अपूर्ण आहे. एक लिंक पाठवतो, पाच रुपये भरा, उद्या घरपोच.” इतक्या दिवसांनी कुणीतरी पार्सल आहे असं म्हणत होतं. नेमकी त्याच वेळी ठाण्याहून भाची आलेली होती. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि बंद केला. मग तिने समजावलं. मदतीचे नंबर इंटरनेटवर शोधले की खोटे नंबर वर येतात. आपण वैतागून कंपनीच्या पानाखाली तक्रार लिहिली की ती हे लोक वाचतात. पाच रुपयांसाठी दिलेल्या लिंकवर कार्डाची माहिती गेली की खातं रिकामं होतं. ‘पत्ता अपूर्ण आहे, ठरावीक तासांत बदला’ असे मेसेज टपाल खात्याच्या नावानेही फिरतात आणि ते खोटे असल्याचं सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने जाहीर केलेलं आहे. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० या नंबरवर कळवायचं, तेही तिने फ्रिजवर लिहून चिकटवलं. ज्याचं काही हरवलंय त्यालाच नेमकं गाठतात, याचा मला अजून राग येतो.

भाचीनेच कंपनीचं ट्रॅकिंगचं पान पूर्ण उघडलं. मी इतके दिवस त्यातली शेवटची ओळच वाचत होते. खाली सगळा प्रवास होता. दादरला बुकिंग, भिवंडीचं हब, पुण्याचं हब, आमच्या भागातली शाखा, सकाळी ‘आउट फॉर डिलिव्हरी’. त्यानंतर दुपारी १.४० ला एक नोंद: ‘ग्राहकाशी संपर्क झाला नाही.’ आणि मग संध्याकाळी ७.३८ ला: ‘डिलिव्हर्ड. घेणारा: स्वतः.’

यांचा मोबाइल पाहिला. त्या दिवशी १.४० ला एक मिस्ड कॉल होता. पार्सलावर नंबर यांचा होता, कारण दुकानात पूर्वीपासून तोच दिलेला. डिलिव्हरीच्या मुलाने फोन केला, आणि ज्या माणसाला ऐकू येत नाही त्याच्या खिशात तो वाजला. इथपर्यंत सगळं खरं होतं. पण दुपारी ज्याच्याशी संपर्क झाला नाही त्यानेच संध्याकाळी पार्सल ‘स्वतः’ घेतलं, तर तो मुलगा आमच्या दारात आला असला पाहिजे, आणि ७.३८ ला आमच्या गेटमधून गेला असला पाहिजे.

त्याच संध्याकाळी मी सोसायटीच्या सेक्रेटरींना कॅमेऱ्याचं चित्रण बघायला मिळावं म्हणून लेखी अर्ज दिला. बरं झालं घाई केली, कारण आमच्या यंत्रात जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जाऊन त्यावर नवं चढतं. त्या दिवसाचं शेवटच्या काठावर होतं. सात ते साडेआठ आम्ही बसून पाहिलं. पिझ्झावाला आला, दूधवाला आला, शाळेची सहल परतली, कुरिअरचं कुणी आलं नाही. गेटच्या रजिस्टरमध्येही नोंद नव्हती. त्या पानाचा फोटो काढला, मिस्ड कॉलचा काढला, ट्रॅकिंगच्या सगळ्या ओळींचा काढला. प्रथमच माझ्याकडे माझ्या बाजूची नोंद होती.

आमच्या भागात रोज येणारा त्या कंपनीचा मुलगा मी गेटवर थांबून गाठला. आधी तो घाबरला. मी म्हटलं, बाळा, तुझं नाव मी कुठे घेणार नाही, मला फक्त समजावून सांग. मग तो बोलला.

“काकू, त्या दिवशी हा रूट माझा नव्हता, बदलीवर दुसरा होता. आम्हाला पार्सलमागे पैसे मिळतात. फोन लागला नाही, लिफ्ट बंद आहे, वॉचमन वर सोडत नाही, यात वेळ गेला की ते पार्सल फुकटच फिरवलं. आणि रात्री शाखेत पेंडिंग राहिलं की बोलणी बसतात. मग काहीजण स्टेटस क्लोज करून टाकतात आणि सकाळी नेऊन देतात.”

“आणि सकाळी नेऊन दिलं नाही तर?”

तो गप्प बसला. मग म्हणाला, “मग ते कुणाच्याच यादीत नसतं, काकू. स्टेटस क्लोज झालंय ना. सकाळच्या यादीत येत नाही. कोपऱ्यात पडलं तर पडलं.”

सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत उपयोगी वाक्य होतं. यांचं यंत्र चोरलं गेलं असेल किंवा नसेल, मला माहीत नाही. पण ‘पोहोचलं’ असं लिहिल्याच्या क्षणापासून ते शोधायची जबाबदारी कुणावरच उरली नव्हती. हरवलेली वस्तू शोधतात, पोहोचलेली कोण शोधणार? त्या मुलाबद्दल माझ्या मनात राग नाही. दिवसभर भिजत पार्सलामागे काही रुपये मिळवणाऱ्यावर रात्रीची यादी रिकामी दाखवायचं दडपण जो टाकतो, राग असेल तर त्याच्यावर आहे.

ग्राहक चळवळीत अनेक वर्षं काम केलेले एक गृहस्थ आमच्या गल्लीतच राहतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. या चळवळीचं आणि पुण्याचं नातं जुनं. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली इथेच ग्राहक पंचायत उभी केली, देशात ग्राहक संरक्षण कायदा व्हायच्या बारा वर्षं आधी. गल्लीतल्या या काकांनी माझे कागद पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, “पीओडी मागितलीत?” पीओडी म्हणजे माल पोहोचल्याचा पुरावा. पूर्वी कागदावर सही घ्यायचे. आता मुलाच्या फोनवर बोटाने सही घेतात, कधी फोटो काढतात, आणि नोंद कुठे उभं राहून केली ते ठिकाणही फोन टिपून ठेवतो. मी इतके दिवस “पार्सल कुठे आहे” हे विचारत होते. काका म्हणाले, “ते त्यांना माहीत नाही. जे त्यांच्याकडे नक्की आहे ते मागा. सही दाखवा, फोटो दाखवा, ७.३८ ला फोन कुठे होता ते दाखवा. आणि फोनवर नाही, लेखी मागा.”

मग त्यांनी मला मी कोण ते सांगितलं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात पैसे देऊन सेवा घेणारा जसा ग्राहक, तसा त्याच्या संमतीने त्या सेवेचा लाभ ज्याला मिळायचा तोही ग्राहक. दुकानाने कुरिअर केलं ते आमच्यासाठी, म्हणजे लाभार्थी आम्ही. ‘पाठवणाऱ्यानेच तक्रार करावी’ हे कंपनीचं म्हणणं कायद्यापुढे टिकणारं नव्हतं. शिवाय या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. वकील लावायलाच हवा असंही नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. शेजारच्या काकूंनी ऑनलाइन मिक्सर मागवला होता आणि तोही असाच ‘पोहोचला’ होता. त्यांच्यासाठी काकांनी वेगळा नियम सांगितला. ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि महिन्याच्या आत ती सोडवावी लागते. काकूंचे पैसे त्या अधिकाऱ्याला लिहिल्यावर परत आले.

माझं पत्र काकांनी सांगितलं तसं मी मराठीतच लिहिलं. तारीखवार हकीकत, सोबत फोटो, आणि तीन मागण्या: सही, फोटो, ठिकाण. ते कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ईमेलने आणि स्पीड पोस्टने पाठवलं, दुकानालाही प्रत दिली. त्याच वेळी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. तिथे मराठीसह १७ भाषांत बोलता येतं, हे माझ्यासारखीला किती महत्त्वाचं असतं! हेल्पलाइन म्हणजे न्यायालय नव्हे. ती हुकूम देऊ शकत नाही. ती तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. पण केंद्र सरकारच्या ग्राहक खात्याकडून आलेल्या तक्रारीला ‘चोवीस ते अठ्ठेचाळीस तास’ असं मोघम उत्तर देऊन बंद करणं तितकं सोपं नसतं.

सही आली. पडद्यावर बोट फिरवलेली एक आडवी रेघ होती ती. फोटो नव्हता. ठिकाण द्यायला ते तयार नव्हते. हेल्पलाइनकडून दुसऱ्यांदा विचारणा गेल्यावर दिलं. नकाशावरचा तो ठिपका आमच्या सोसायटीवर नव्हता, कर्वेनगर-वारज्यालाही नव्हता. तो कंपनीच्या स्वतःच्या शाखेवर होता. भाचीने तो मोठा करून दाखवला तेव्हा मी यांना वहीत लिहून दाखवलं: ‘आपल्या घरी कुणी आलंच नव्हतं.’

त्यानंतर कंपनीचा सूर बदलला, पण रक्कम ऐकून मी थक्क झाले. त्यांनी शंभर रुपये देऊ केले. पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं की पार्सल हरवल्यास जबाबदारी शंभर रुपयांपुरती, आणि पुढे दुकानाच्या माणसाची सही. दुकानाने किमतीचा विमा काढलेला नव्हता. एका यंत्राची किंमत पन्नास हजारांच्या वर.

काकांनी इथे मला खोटा दिलासा दिला नाही. १९९६ साली भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असं कलम मान्य केलं होतं. जर्मनीला पाठवलेलं पाकीट पोहोचलं नव्हतं आणि सही केलेल्या पावतीत शंभर डॉलरची मर्यादा होती. न्यायालयाने ती मर्यादा धरली. शेजारी म्हणत होते पोस्टाने पाठवायचं होतं. पण देशातलं स्पीड पोस्टचं पार्सल हरवलं तरी भरपाई भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा हजार रुपये, यांतली कमी असेल ती. किमती वस्तूचा विमा उतरवणं हाच त्यावर उपाय, आणि दुकानाने तो करायला हवा होता, हेही काकांनी दुकानाला लिहायला लावलं.

पण मग ते म्हणाले, “शंभर रुपये हरवल्याबद्दल आहेत. यांनी हरवलं असं कुठे म्हटलंय? यांच्या नोंदीत ते पोहोचलंय. एक तर कुणाला दिलं ते सांगावं, नाहीतर नोंद खोटी होती असं लिहून द्यावं. खोटी नोंद ही सेवेतली त्रुटी, आणि तिला पावतीमागचं कलम लागू नाही, असं आपण आयोगापुढे मांडू.” आयोगाने ते मान्य केलं असतंच असं मी म्हणत नाही. पण मसुदा तयार झाला, त्यात ठिपक्याचा नकाशा, कॅमेऱ्याचं चित्रण, रजिस्टरचं पान जोडलं, आणि दाखल करण्याआधी एक प्रत कंपनीला पाठवली.

दुकानाच्या मालकांचा फोन आला. कंपनी त्यांना यंत्राची किंमत द्यायला तयार झाली होती, आपली चूक मान्य न करता, केवळ व्यवसायाचे संबंध म्हणून. दुकानाने नवं यंत्र दिलं. यांचा जुना ऑडिओग्राम त्यांच्याकडे होता, पण कान पुन्हा तपासून मगच जुळवावं असं त्यांच्या ऑडिओलॉजिस्ट बाईंनी सांगितलं आणि ते योग्यच होतं, कारण मधल्या काळात ऐकणं आणखी थोडं उतरलं होतं. यंत्र पुण्याला कुरिअरने आलं नाही. भाचीने ते पर्समध्ये घालून डेक्कन क्वीनने आणलं.

आमच्या कोथरूडमध्ये अशी घरं खूप आहेत जिथे दोन म्हातारी माणसं राहतात आणि मुलं परदेशी असतात. त्यांच्यासाठी पार्सल म्हणजे हौसेची खरेदी असतेच असं नाही. औषधं असतात, चष्मे असतात, गुडघ्याचे पट्टे असतात. ऐकू न येणाऱ्याला फोन करून काही उपयोग नाही, पण मेसेज तो वाचू शकतो. मेसेजमधला ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सल ‘पोहोचलं’ असं लिहिताच येऊ नये, ही व्यवस्था काही कंपन्यांकडे आहे. टपाल खात्यानेही १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टला थोडे जादा पैसे भरून ती सोय दिली आहे. औषधांच्या आणि अशा उपकरणांच्या पार्सलांना ती जादा पैसे न घेता आणि सक्तीने असावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ते मी ग्राहक खात्याला लिहिलंही आहे.

कंपनीच्या तडजोडीच्या पत्रात किमतीचा उल्लेख आहे, दुकानाचं नाव आहे, प्रकरण मिटल्याचं वाक्य आहे. त्या दिवशी शाखेतून पार्सल कुठे गेलं याचा उल्लेख नाही. दुकानाचं प्रकरण मिटलं, माझी सही त्या पत्रावर नाही. मी कंपनीला पुन्हा विचारलं आहे: ७.३८ ची नोंद कुणाच्या सांगण्यावरून झाली, आणि शाखेतल्या बंद नोंदींची पार्सलं कधी कुणी तपासली का. उत्तर आलेलं नाही. आयोगाच्या तक्रारीचा मसुदा काकांच्या कपाटात आहे आणि दोन वर्षांच्या मुदतीतला बराच काळ अजून शिल्लक आहे.